हॉयटचं इंजिन

व्हर्ना लस्क पहिल्यांदा आमच्या गॅरेजवर आली तेव्हा गाडीतून उतरलीच नाही. फाटकातच व्हॅन आडवी घातली, काच खाली केली आणि ओरडली, "खरं बोलणारा एखादा मेकॅनिक आहे का इथे?"

गारो एका ट्रकखाली पाठीवर पडून काम करत होता. तिथूनच म्हणाला, "होता एक. उपाशी मेला."

"मग तूच चालशील," असं म्हणून तिने इंजिन बंद केलं. लगेच शेजारच्या सीटवरून दुसरी म्हातारी खेकसली, "बंद काय करतेस? माझं मशीन त्याच्यावर चाललंय!" व्हर्नाने निमूटपणे किल्ली पुन्हा फिरवली.

ती दुसरी म्हणजे मॅक्सीन, व्हर्नाची नणंद. तिच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती आणि नळीचं दुसरं टोक पायाशी घरघरणाऱ्या मशीनमध्ये होतं. तिची फुप्फुसं कामातून गेली होती. आमच्या फ्रेस्नो शहराची हवा जन्मभर खाल्लेल्या माणसाची जातात तशीच. उन्हाळ्यात आमच्या खोऱ्यात डोंगर दिसेनासे होतात, आणि ते दिसत नाहीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

मी त्या वेळी गारो ताश्जियानच्या गॅरेजात फोन उचलायचे, बिलं करायचे. पुढे त्या दोघींनी आमच्या मागच्या अंगणात जवळजवळ अख्खा उन्हाळा काढला, त्यामुळे त्यांची सगळी हकिकत मला कळत गेली. थोडी व्हर्नाकडून, आणि तिने सांगितलेली प्रत्येक गोष्ट खोडून काढणाऱ्या मॅक्सीनकडून थोडी जास्त.

व्हर्नाची हयात बेदाण्यांच्या कारखान्यात गेली. पट्ट्यावरून सरकणाऱ्या बेदाण्यांतून काड्या वेचायच्या, हे काम. नवरा हॉयट ट्रक चालवायचा. त्याने एका चर्चची जुनी व्हॅन घेतली, पंच्याऐंशी सालची. आत दोन पलंग, एक शेगडी, पडदे, सगळं स्वतःच्या हाताने केलं. म्हातारपणी समुद्रकाठाने हिंडायचं, असा बेत होता. डोंगर चढताना व्हॅनचं इंजिन कायमचं बंद पडलं, तेव्हा त्याने वडिलांच्या जुन्या ट्रकचं इंजिन काढून तिच्यात बसवलं. चौऱ्याहत्तर सालचं. त्याच ट्रकने लस्क घराण्याने द्राक्षं वाहिली होती, त्याच ट्रकमध्ये मॅक्सीन गाडी शिकली होती. इंजिन असं दणदणीत चालायचं की हॉयट लोकांना बोलावून ऐकवायचा.

फक्त एक अडचण होती. आमच्या राज्यात जुन्या गाड्यांच्या धुराची दर दोन वर्षांनी तपासणी होते. ती पास झाल्याशिवाय नंबरप्लेटवर नवं स्टिकर मिळत नाही. आणि गाडीत दुसरं इंजिन घातलं असेल तर ते गाडीच्या सालचं किंवा त्याहून नवं लागतं. गाडीहून अकरा वर्षं जुनं इंजिन म्हणजे नापास, मग त्याचा धूर कितीही साफ असो. पण तपासणी करणारा बड हा हॉयटचा लहानपणचा मित्र होता. दोन सीटच्या मध्ये इंजिन झाकणारी पेटी असते, ती तो कधी उचलायचाच नाही.

मग बड ॲरिझोनाला लेकीकडे राहायला गेला. हॉयट बागेला पाणी घालता घालता हृदय बंद पडून गेला. त्यांचं चाकांवर घालून हलवता येणारं पत्र्याचं घर ज्या वस्तीत होतं ती जागा गोदामवाल्यांनी घेतली, आणि घर इतकं जुनं की उचलून नेलं असतं तर वाटेतच सुटं झालं असतं. दोघी व्हॅनमध्ये राहायला गेल्या. दिवसा उद्यानाच्या सावलीत, रात्री कुठल्या तरी मोठ्या दुकानाच्या आवारात. मॅक्सीनचं मशीन गाडीच्या बॅटऱ्यांवर चालायचं आणि बॅटऱ्या हॉयटच्या इंजिनावर चार्ज व्हायच्या.

स्टिकरची मुदत संपली. काही महिने कुणी पाहिलं नाही. मग एका सकाळी वायपरखाली नारिंगी कागद सापडला. पुढच्या वेळी गाडी उचलून नेण्यात येईल.

"उचलून नेली तर काय काय जाईल ते मी मोजायला बसले," व्हर्नाने मला सांगितलं होतं. "मग मोजणं सोडलं. राहतच नव्हतं काही."

गरीब लोकांसाठी जत्रेच्या मैदानावर अधूनमधून शनिवारी फुकट तपासणी व्हायची. दोघी उजाडायच्या आत जाऊन रांगेत लागल्या. पुढेमागे सगळ्या आमच्या खोऱ्यातल्याच गाड्या. चिकटपट्टी लावलेल्या, दारं वेगळ्या रंगाची, मागे लहान मुलं झोपलेली. कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं. पुढून नापास झालेली गाडी परत येताना दिसली की सगळे तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करायचे.

यांची पाळी आली. तपासणारी मुलगी गोड होती. तिने दोन सीटमधली पेटी उचलली आणि आत वाकून टॉर्च मारला.

"हे या गाडीचं नाही," ती म्हणाली.

"माझ्या भावाचं आहे," मॅक्सीन म्हणाली.

मुलीने समजावून सांगितलं. धूर मोजायची वेळच येणार नाही. आधी योग्य सालचं इंजिन हवं, त्याच्याबरोबर आलेले धूर कमी करायचे सगळे भाग, आणि मग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सरकारी पंच बसतो त्याच्याकडून शिक्का. नाहीतर सरकारला भंगारात द्या, सरकार पैसे देतं.

"आणि झोपायचं कुठे?" व्हर्नाने विचारलं. "त्या पैशांवर?"

मुलगी मॅक्सीनच्या नळीकडे बघून हळूच म्हणाली, "आजी, नियम वाईट हेतूने केलेला नाहीये हो. ही हवा... ज्यांना श्वासाचा त्रास आहे त्यांच्यासाठीच आहे तो."

मॅक्सीन हसली. हसता हसता तिला इतका खोकला आला की व्हर्नाला तिची पाठ चोळावी लागली. "ऐकलंस का, व्हर्ना? माझ्यासाठी केलाय म्हणे! मला आधी कळवायचं तरी."

परतताना रांगेतल्या एका माणसाने काचेतून पत्ता लिहिलेला कागद सरकवला. तो माणूस कुठलीही गाडी पास करतो, म्हणाला. तुमच्या गाडीऐवजी दुसऱ्या चांगल्या गाडीच्या धुराड्यात नळी घालतो, झालं काम. व्हर्ना आयुष्यात कधी तिकिटाशिवाय बसमध्ये चढली नव्हती, पण सोमवारी ती तिथे गेली. शटर खाली होतं, कुलपावर सरकारी सील होतं, आणि बाहेर आणखी दोघं जण हताश उभे होते. तिथून ती थेट आमच्याकडे आली.

गारोने पेटी उचलली आणि आत वाकून पाहिलं.

"बसवलंय मात्र सुरेख," तो म्हणाला.

"मी तुला काय सांगत होते!" मॅक्सीन म्हणाली.

"आणि काढावं लागेल."

"हात लावून बघ," मॅक्सीन म्हणाली.

गारोने व्हर्नाकडे पाहिलं. "तुम्ही दोघी आधी ठरवा. मला दोन बायकांच्या मध्ये उभं राहायची हौस नाही. घरी आहेतच दोन."

आमच्या फोनच्या टेबलापर्यंत त्यांचं भांडण ऐकू येत होतं. मॅक्सीनचा श्वास पुरत नव्हता, त्यामुळे ती प्रत्येक टोमणा अर्ध्यावर थांबवून मग पूर्ण करायची.

"माझ्या बापाचं इंजिन आहे ते... तू आमच्या घरात आलीस तेव्हा... तुला क्लच कुठला तेही माहीत नव्हतं."

"ते इंजिन राहिलं तर गाडी जाईल, मॅक्सीन. गाडी गेली तर तुझं मशीन जाईल."

"हॉयट असता तर..."

"हॉयट नाहीये!" व्हर्ना किंचाळली. "हॉयट मेला आणि तुला माझ्या गळ्यात बांधून गेला! मी काय करू? सांग ना, मी काय करू?"

थोड्या वेळाने व्हर्ना बाहेर आली. डोळे पुसत नव्हती, नुसते वाहू देत होती. "काढ," ती गारोला म्हणाली.

इंजिन काढताना मॅक्सीनने खुर्ची समोरच मांडून घेतली. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर मांडीवर. क्रेनने इंजिन उचललं, ते हवेत जरा फिरलं, त्यातून काळं तेल ठिबकलं. तिने उठून त्याच्यावर हात ठेवला. "भंगारात देऊ नकोस," एवढंच म्हणाली. गारोने ते डाळिंबाच्या झाडाखाली फळ्यांवर ठेवलं आणि वर ताडपत्री टाकली.

व्हॅन आमच्या मागच्या अंगणात चार स्टँडवर उभी राहिली. दोन सीटच्या मध्ये भोक पडलं होतं, त्यावर व्हर्नाने प्लायवूड टाकलं. गॅरेजातून लांब वायर ओढून मॅक्सीनचं मशीन लावलं. त्या उन्हाळ्यात डोंगरात वणवा लागला होता. सकाळी गाड्यांच्या टपांवर राख असायची आणि सूर्य दुपारभर तांब्याच्या नाण्यासारखा दिसायचा. दिवसा व्हॅनचा पत्रा इतका तापायचा की हात लावला की चटका. मी दोघींना ऑफिसात येऊन बसा म्हणायचे. मॅक्सीन यायची नाही. "तुझा बॉस माझ्या भावाचा खुनी आहे," म्हणायची, आणि त्याच बॉसने आणलेली कलिंगडाची फोड मिटक्या मारत खायची.

इंजिन सापडलं, सत्त्याऐंशी सालचं, शेतात उलटलेल्या एका व्हॅनमधलं. पण त्याच्या भोवतीचे निम्मे भाग कुणीतरी आधीच काढून नेले होते. पंच आरसा घेऊन एकेक भाग बघतो, एक नळी कमी असली तरी परत पाठवतो. नवे भाग आता कुणी बनवत नाही. गारोला दुसरी कामं होती, म्हणून शोधायचं काम व्हर्नाने अंगावर घेतलं. बसने भंगारवाड्यांत जायची, पाना घेऊन तापलेल्या गाड्यांखाली शिरायची. बेदाणे वेचून वेचून तिची नजर बारीक गोष्टींवर ठरायची. संध्याकाळी पिशवी उघडून आमच्या टेबलावर एकेक वस्तू मांडायची. "हे?" "नाही." "हे?" "हो, पण फुटलंय." ती पुन्हा सगळं पिशवीत भरायची. तिचे कोपर सोललेले होते, केस राखेने पांढरे झाले होते की मुळातच पांढरे होते ते मला आठवत नाही. एकदा म्हणाली, "मला रोज वाटतं उद्या उठायचंच नाही. मग मॅक्सीन उठवते. चहा कर म्हणते."

शेवटी एकच भाग उरला. धुराच्या नळीत हवा ढकलणारा छोटा पंप. तो शहराबाहेरच्या एका भंगारवाड्यात मिळेल असं कळलं. ऑगस्टमधला दिवस होता, वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या दिवसांपैकी एक. व्हर्ना पहिल्या बसने गेली.

दुपारी वीज गेली.

सगळ्या शहराचे एसी चालू असले की असं होतं, पाच-दहा मिनिटांत येते. पंखे थांबले, गॅरेजात एकदम शांतता पसरली. आणि त्या शांततेत मला मागून घरघर ऐकू आली नाही. मी धावले.

मॅक्सीन पलंगाच्या कडेला बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढलेले, तोंड उघडं. मी छोटा सिलिंडर उचलला. तो रिकामा होता. झाडाखाली बसायचं म्हणून ती तोच वापरायची आणि भरून आणायचा त्या दिवशी राहिला होता. गाडीच्या बॅटऱ्या होत्या, पण कितीतरी आठवडे त्यांना चार्ज करायला इंजिन नव्हतं. गारोने ट्रक मागे आणून त्याच्या बॅटरीवरून वायर जोडली. मशीन सुरू व्हायचं, पण वीज पुरेना, शिट्टी मारायचं आणि बंद पडायचं. पुन्हा सुरू, पुन्हा शिट्टी. गारो आर्मेनियनमध्ये शिव्या देत होता, नंतर शिव्या देणं थांबवून प्रार्थना म्हणायला लागला.

मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. उष्म्याने सगळीकडे माणसं पडतायत, गाडी निघालीय, असं उत्तर आलं. मी मॅक्सीनला ओला टॉवेल लावत होते. तिचे ओठ जांभळे पडत चालले होते. तिने प्लायवूडकडे बोट दाखवलं, जिथे इंजिन असायचं तिथे. काहीतरी म्हणायचं होतं, पण बोलायला हवा नव्हती.

ॲम्ब्युलन्स आली आणि तिला घेऊन गेली, तरीही वीज आलेली नव्हती.

व्हर्ना उन्हं कलताना परतली. तेलकट फडक्यात गुंडाळलेला पंप छातीशी धरून. "मिळाला!" असं फाटकातूनच ओरडली. आमचे चेहरे बघून ती थांबली. मग तिने व्हॅनच्या उघड्या दाराकडे पाहिलं.

"आपलं इंजिन असतं तर," ती म्हणाली. "नुसती किल्ली फिरवली असती."

गारो म्हणाला, "तुम्ही असा विचार करू नका."

"मग कसा करू? तू सांग, कसा करू?"

मॅक्सीन वाचली. पण इस्पितळातल्या बाईने व्हर्नाला बाजूला घेऊन सांगितलं की आता हिला वाहनात परत पाठवता येणार नाही. विजेची खात्री पाहिजे, नर्स पाहिजे. सरकारी खर्चाने वृद्धाश्रमात एक खाट मिळेल. एकच.

"गाडी पास होणार आहे," व्हर्ना म्हणाली. "आता फक्त पंप बसवायचाय."

"पास झाली तरी ते घर नाही, मिसेस लस्क," ती बाई म्हणाली. वाईट नव्हती ती. तिने व्हर्नाला रुमाल दिला.

त्या दिवशी व्हर्ना आमच्या ऑफिसात येऊन बसली आणि पंप माझ्या टेबलावर ठेवला. "राहू दे आता," ती गारोला म्हणाली. "सरकारला देऊन टाक. मी ज्यासाठी करत होते ते गेलं."

गारोने फडक्याला हात पुसले. "रात्री कुठे झोपणार?"

तिने पंप त्याच्याकडे सरकवला.

"उद्या कुठे झोपणार? थंडीत?"

"मला नाही माहीत, गारो."

त्याने पंप उचलला आणि मागे गेला. संध्याकाळी नवं इंजिन पहिल्यांदा चालू झालं. आवाज इतका मऊ होता की व्हर्नाला कळलंच नाही. गारोला तिला हात धरून गाडीपाशी न्यावं लागलं.

पंचाकडे मी तिच्याबरोबर गेले. ओटिंगर नावाचा उंच, थकलेला माणूस होता. त्याने गाडी रोलरवर चढवली, चाकं जागच्या जागी धावली, मागे नळी लावली. मग आरसा आणि टॉर्च घेऊन आडवा झाला. एकेक भाग बघायचा आणि काही न बोलता पुढे सरकायचा. व्हर्ना भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं होतं ती प्रार्थना करत असेल. ती बेदाणे वेचत होती. खरंच, तिची बोटं हवेत तशीच हलत होती.

ओटिंगरने उठून ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत एक छोटा शिक्का चिकटवला. "झालं. पास."

"आता हवा किती सुधारली?" व्हर्नाने विचारलं.

तो थट्टा समजून हसणार होता, पण तिचा चेहरा बघून गंभीर झाला. "एका गाडीने? मोजता येणार नाही इतकी."

"पण सुधारली."

"हो. सुधारली."

तिने मान डोलावली, आणि तिथेच, वर्कशॉपच्या तेलकट फरशीवर खाली बसली. रडली नाही. आम्ही दोघांनी धरून उठवलं.

वृद्धाश्रमातली मॅक्सीनची खाट खिडकीशी होती. खिडकी रस्त्याकडे उघडायची. व्हर्नाने व्हॅन त्या खिडकीखाली लावली आणि आत गेली.

"चालू करून दाखव," मॅक्सीन म्हणाली.

व्हर्ना बाहेर गेली, इंजिन चालू केलं, परत आली. मॅक्सीन कान देऊन ऐकत होती.

"हे काय, शिलाई मशीन?"

"साफ आहे पण."

"साफच आहे. जीव नाही त्यात." मग तिने नाकातली नळी नीट केली. "तू मला घेऊन जाणार नाहीस ना?"

"नेऊ देत नाहीत."

"तुला न्यायचंय का?"

व्हर्नाने आपलं डोकं तिच्या पांघरुणावर टेकवलं. मॅक्सीनने तिच्या केसांवर हात ठेवला आणि म्हणाली, "केस धू. भंगाराचा वास येतोय." हे सगळं व्हर्नाने मला सांगितलं. सांगताना हसली, आणि मग हसू आवरेना, आणि मग मी तिला पाणी दिलं.

त्यानंतर ती त्याच रस्त्यावर राहिली. रस्ता झाडायच्या दिवशी गाडी पलीकडच्या बाजूला न्यायची, दुसऱ्या दिवशी परत. पोलिसांची गाडी जायची, कुणी थांबवायचं नाही. सकाळ-संध्याकाळ मॅक्सीनला भरवायची, कारण मॅक्सीन तिथल्या नर्सच्या हातून खायची नाही, त्यांना आमच्या भागातले लोक चमचा कसा धरतात ते माहीत नाही म्हणायची.

धुक्याच्या दिवसांत मॅक्सीन गेली. खिडकीतून रस्ता दिसत नव्हता, व्हॅनही दिसत नव्हती. त्या वेळी व्हर्ना आतच होती, तेवढं बरं झालं.

मग ती दक्षिणेला, संत्र्यांच्या पॅकिंगला गेली. वसंतात एकदा तिचा फोन आला. गाडी चांगली चालतेय, म्हणाली. काम मिळालंय, हात दुखतात, बाकी काही नाही.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "तुमच्या ओळखीत कुणी बाई आहे का, राहायला जागा नसलेली? पलंग रिकामा आहे. मला काही नको. फक्त भांडखोर असावी. रात्री एवढी शांतता असते ना, मला झोपच येत नाही."

गारो मागून ओरडला, "माझी सासू घेऊन जा म्हणावं!"

मी ते सांगितलं. व्हर्ना जरा हसली. तिकडून ट्रक गेल्याचा आवाज आला.

"विचारून ठेवते," मी म्हटलं.

अजून कुणी सापडलेलं नाही.